चौदा–तेराची दांडी

मित्रांनो, मी एक जुनी दांडी आहे. अख्खी नाही, दोन हात लांबीचा नुसता तुकडा. अंगावरच्या पांढऱ्या रंगाचे पोपडे निघालेत, दोन्ही टोकं करवतीनं कापलेली आहेत, आणि छातीवर लाल रंगात मोठ्ठे आकडे आहेत: चौदा–तेरा. चार स्क्रूंनी मला एका खाणावळीच्या भिंतीवर आवळून टाकलंय. खाली एक टेबल, त्यावर मिठाची बाटली आणि तिखट सॉसची बाटली. वर पंखा. साठ वर्षं झाली, मी एवढंच बघतेय. वैताग आला म्हणायचीही सोय नाही, कारण येणारा जाणारा माझ्याकडे बघून टोपी काढतो.

माझा जन्म जॉर्जियातल्या पाइनच्या रानात झाला. लाकडाच्या गिरणीत मला चिरलं, एका सुतारानं रंधा मारून गुळगुळीत केलं, आणि शहरातल्या मोठ्या मैदानावर दोन उंच खांबांच्या मध्ये आडवं बसवलं. आमच्याकडचा फुटबॉल हातात धरून पळायचा असतो. पळत रेषा ओलांडली की सहा गुण. मग एक वाढीव गुण मिळवायला संघातला एक जण लाथ मारून चेंडू माझ्यावरून पलीकडे पाठवतो. तो वर गेला तर गुण, खाली राहिला तर काही नाही. असा माझा मान होता. ऊन, वारा, पाऊस सगळं अंगावर यायचं, आणि मला ते आवडायचं.

लाथ मारणारा प्रत्येक जण आधी मान वर करून माझ्याकडे बघतो. भित्रा असो नाहीतर शूर, बघतोच. त्या एका नजरेवरून मला पुष्कळ कळायचं. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी माझ्या मैदानावर पीकन बोल नावाचा मोठा सामना व्हायचा. त्या वर्षी एका बाजूला राजधानीचं बलाढ्य विद्यापीठ होतं आणि दुसऱ्या बाजूला कोल्टन्स फेरी नावाच्या नदीकाठच्या गावचं चिमुकलं कॉलेज. अख्खं गाव बसगाड्या करून आलं होतं. बायकांनी टोपल्यांतून तळलेली कोंबडी आणली होती. जिंकायची आशा कुणालाच नव्हती, लाज राखली तरी खूप झालं असं चाललं होतं.

या कॉलेजचा लाथ मारणारा खेळाडू होता एमोरी स्टॉलकप. लांब पायांचा, कमी बोलणारा मुलगा. त्या सबंध हंगामात त्याची एकही लाथ चुकली नव्हती. त्या दिवशी पहिला वाढीव गुण त्यानंच मिळवला, पण चेंडू माझ्या पाठीला घासून कसाबसा पलीकडे पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र ते घासणं खटकलं होतं.

शेवटच्या क्षणी गावचा एक गडी रेषेपलीकडे कोसळला आणि फलकावर तेरा–तेरा झालं. घड्याळात शून्य. आता एमोरीची एक लाथ, की चौदा–तेरा आणि विजय. एमोरी मैदानात आला. उभा राहिला. आणि मित्रांनो, त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. तो आपल्या बुटाकडे बघत राहिला.

तेवढ्यात गावाचं भान सुटलं. एवढ्या धेंडांशी बरोबरी केली याचाच लोकांना इतका आनंद झाला, की एक लाथ शिल्लक आहे हेच विसरून सगळे कठडे ओलांडून आत घुसले. आमच्याकडे मोठा सामना मारला की खांब उपटून घरी न्यायची रीत आहे. यांनी सामना संपायच्या आधीच ती पाळली. सगळ्यांत आधी माझ्यावर चढला तो वेंडेल ऑटिंगर नावाचा विद्यार्थी. त्याच्या मागोमाग वीस-पंचवीस जण लोंबकळले आणि कडाड करून मी खाली आले. पलीकडच्या टोकाचे खांबही तोवर आडवे झाले होते.

पंच शिट्ट्या फुंकून दमले. शेवटी म्हणाले की खांबच नाहीत तर लाथ मारणार कुठे, चेंडू घेऊन पळून बघा. पळणारा रेषेच्या अलीकडेच अडवला गेला. तेरा–तेरा. सामना बरोबरीत संपला.

मी गवतावर पडले होते तेव्हा एमोरी मला दिसला. तो मैदानात मटकन खाली बसला होता, तोंडावर शिरस्त्राण धरून, आणि त्याचे खांदे हलत होते. पेपरवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला. बिचारा एमोरी रडतोय, असं सगळ्या गावानं ठरवलं.

मला बसच्या टपावर बांधून गावी आणलं, करवतीनं कापलं आणि ज्यानं त्यानं आपापला तुकडा नेला. मधला तुकडा वेंडेलच्या वाट्याला आला. पुढे त्यानं ही खाणावळ काढली, मला भिंतीवर ठोकलं आणि माझ्या छातीवर हे खोटे आकडे रंगवले. का? तर गावानं सोक्षमोक्ष लावून टाकला होता. लाथ मारू दिली असती तर एमोरीनं गुण घेतलाच असता, तेव्हा खरा निकाल चौदा–तेरा. झालं. माझं कोण ऐकतंय?

आणि मग सुरू झाला दरवर्षीचा सोहळा. नव्या वर्षाच्या दिवशी त्या बसगाड्यांतली सगळी मंडळी खाणावळीत जमायची. चवळी, मक्याचा पाव, पालेभाजी, गोड चहा. जेवण झालं की कुणीतरी तो सामना पहिल्यापासून सांगायला घ्यायचा, आणि शेवटी एमोरीला बरोब्बर माझ्याखालच्या खुर्चीत बसवून सगळे एका सुरात विचारायचे, "काय एमोरी, गेला असता ना?" एमोरी खाली टेबलाकडे बघून म्हणायचा, "गेला असता." मग टाळ्या, पाठीवर थापा, कॉफी फुकट. वर्षभर रस्त्यात, चर्चमध्ये, न्हाव्याकडे तेच. गडी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाला, पण त्याला गणिताबद्दल कुणी अवाक्षर विचारलं नाही. मी वर अडकलेली, तो खाली अडकलेला. माझा जीव अगदी गुदमरायचा.

तिसरा अडकलेला होता वेंडेल. मंडळी गेली की तो स्टुलावर चढून फडक्यानं मला पुसायचा आणि पुटपुटायचा, "मीच पहिला चढलो. मीच त्याचा विजय खाल्ला." लग्नात त्यानं एमोरीला मानाचा पाहुणा केलं, मुलीला एमोरीकडे गणिताला धाडलं, काय काय केलं. पण माफी मागायला तोंड काही उघडेना.

होता होता मंडळी कमी होत गेली. एका वर्षी वेंडेल काठी घेऊन चालायलाही दमायला लागला. पुढचं नवं वर्ष तो बघणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्याची मुलगी लोरीन, जी आता खाणावळ चालवते, तिलाही. त्या वर्षीही प्रश्न झाला, उत्तर झालं, टाळ्या झाल्या. दुपारी सगळे पांगले. वेंडेलनं एमोरीचा हात धरून ठेवला.

"बस जरा. मला माफ करायचं असेल तर आत्ता कर, नंतर मी नसेन. मी त्या दांडीवर चढलो नसतो तर तू जिंकला असतास."

एमोरीनं कॉफीचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "नसता गेला, वेंडेल."

"काय नसता गेला?"

"चेंडू. पहिल्याच लाथेत माझा घोटा गेला होता. पाय टेकवत नव्हता. कोचला सांगायची हिंमत झाली नाही. मी उभा राहून देवाला म्हणत होतो की काहीतरी होऊ दे, काहीही होऊ दे. डोळे वर केले तर दांडीवर तू."

"पण तू रडत होतास. फोटो आहे."

"हसत होतो मी. सुटलो म्हणून हसत होतो. तोंड लपवायला शिरस्त्राण धरलं. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो, तर तुम्ही लोकांनी माझी मिरवणूक काढली. मग दरवर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं."

वेंडेलनं काठी बाजूला ठेवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी तो हसतही होता.

"म्हणजे मी तुला बुडवलं नाही."

"तू मला वाचवलंस. उपकार मानायला मला इतकी वर्षं लागली."

"अरे गाढवा, आणि मी जन्मभर तुला फुकट कॉफी पाजली."

"कॉफी भिकारच असते तुझी," एमोरी म्हणाला, आणि दोघं म्हातारे टेबलावर डोकं ठेवून खोकला येईपर्यंत हसले.

मग वेंडेलनं लोरीनला हाक मारली आणि मला खाली काढायला सांगितलं. मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटलं ते कसं सांगू? तीन स्क्रू निघाले. चौथा गंजला होता, त्याचं डोकंच तुटून हातात आलं, दांडा मात्र माझ्यात रुतून राहिला. मी एका बाजूनं लोंबत राहिले. उद्या बघू, असं लोरीन म्हणाली. पण त्या उद्याला वेंडेलला दवाखान्यात न्यावं लागलं. पीचची झाडं फुलली तेव्हा तो गेला. शांतपणे गेला, असं लोरीन एमोरीला सांगत होती, आणि ते खरं होतं, कारण तिचा चेहरा मला दिसत होता.

पुढच्या नव्या वर्षाला उरलेली पाच-सहा मंडळी आली. मी तिरकी झालेली बघून त्यांना फार वाईट वाटलं. वेंडेलच्या आठवणीसाठी म्हणून त्यांनीच नवे स्क्रू आणले, मला सरळ केलं, पूर्वीपेक्षा घट्ट आवळलं आणि आकडे लाल रंगानं पुन्हा गिरवले. एमोरीला खुर्चीत बसवलं. सगळ्यांनी विचारलं, "काय एमोरी, गेला असता ना?"

एमोरीनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी या भिंतीवर आल्यापासून पहिल्यांदा.

"नाही," तो म्हणाला. "नसता गेला. घोटा मुरगळला होता माझा."

मग एकच हशा. बघा, केवढा विनम्र माणूस, म्हणे. गेलेल्या वेंडेलला कुणी दोष देऊ नये म्हणून वर्षभर हे घोकलं असणार, म्हणे. थापा पडल्या, टाळ्या झाल्या. एमोरीनं दोनदा पुन्हा सांगायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. त्याची मान पुन्हा टेबलाकडे गेली. मला वाटलं, संपलं. याला आता माझ्याखालीच मरायचंय.

तेवढ्यात लोरीन आली. तिनं त्याची कॉफी उचलली आणि खिडकीजवळच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"मिस्टर एमोरी, तुम्ही इकडे बसा. इथून नदी दिसते."

मंडळींनी कुरकुर केली. ती त्याची मानाची जागा आहे, असं कुणीतरी म्हणालं. लोरीननं ऐकून घेतलं आणि ती खुर्ची उचलून आत स्वयंपाकघरात नेली. एमोरी उठला आणि सावकाश चालत खिडकीपाशी गेला. दुखऱ्या घोट्यामुळे तो अजूनही जरा लंगडतो. इतकी वर्षं सगळे त्याला चालताना बघत होते, पण ते लंगडणं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी अजून भिंतीवरच आहे. ते नवे स्क्रू काही निघायचे नाहीत. मित्रांनो, कधी या गावी आलात तर माझी धूळ पुसू नका आणि माझ्यापुढे टोपीही काढू नका, मी आपली लाकडाचा तुकडा आहे. पण खिडकीपाशी एक लांब पायांचा म्हातारा बसलेला दिसेल. त्याला सामन्याबद्दल काही विचारू नका. शेजारी बसा, आणि जमलंच तर एखादं गणित विचारा.