समुद्राकडे तोंड केलेला बुरूज

मी एक जुना बुरूज आहे आणि मित्रांनो, मला मान वळवता येत नाही! चौक गावाच्या डोक्यावरच्या टेकडीत माझे पाय पुरलेले आणि तोंड कायमचे समुद्राकडे. मागे काय चाललंय ते नुसतं आवाजावरून ओळखायचं. जन्मठेप म्हणतात ती हीच.

फिरंग्यांनी मला बांधलं. मराठ्यांनी लढून जिंकलं, माझ्यावर भगवा फडकला, तेव्हा मी काय फुगलो होतो! मग इंग्रज आले. त्यांना माझं काही काम नव्हतं. तोफा गेल्या, शिपाई गेले, तटबंदी ढासळली. वडाची मुळं अंगात घुसवून घेत मी एकटा उरलो.

खालच्या कोळ्यांनी मात्र मला कामाला लावलं. मी आणि गावातल्या देवळाचा, म्हणजे चर्चचा, क्रूस एका रेषेत दिसले, की होडीवाल्याला खडकांमधली वाट सापडते. म्हणून पावसाळा सरत आला की बायका वर येऊन माझ्या तोंडाला पांढरा चुना फासायच्या. मला 'बाबा' म्हणायच्या. केवढं ते कौतुक!

पाठीला कोण विचारतो? साठ सालानंतर गावात पक्की घरं होऊ लागली. टोनी नाखव्याने सगळ्यांना अक्कल शिकवली, "बाबाच्या तोंडाला हात न्हाय लावायचा. पाठचे दगड काढा. दर्यावरनं पाठ कुठं दिसते?"

त्याने आणि त्याची बायको फ्लोरिन हिने ओट्यासाठी दगड नेले. त्यांचं बघून शेजाऱ्यांनी नेले. मग भाईंदरच्या नव्या चाळींसाठी ट्रक येऊ लागले. पहारीचा घाव बसला की ओरडावंसं वाटे, पण दगडाला कंठ कुठला? बडा घर पोकळ वासा म्हणतात ना, तसा मी. समोरून दरवर्षी नवा चुना, आतून रिकामा. आणि पळून तरी कुठे जाणार?

एकोणसत्तर सालच्या भाद्रपदात, भर दुपारी, पावसाची जोरदार झड आली. माझं पांढरं तोंड धाडकन कोसळलं आणि गडगडत उतारावरून खाली गेलं. मी कमरेएवढा उरलो. समोर धुरकट दर्यावरून टोनीची होडी परत येत होती, आणि तो मलाच शोधत असणार! हे बघा, मी इथे आहे, असं मला सांगता येत नव्हतं. इतका अडकलेला मी कधीच नव्हतो.

आवाज ऐकून फ्लोरिन धापा टाकत वर आली.

"अगो माय! बाबाचं तोंड पडलं!" तिने एकदा दर्याकडे पाहिलं आणि मागून येणाऱ्या जावेला हाक मारली. "टेरेझा, देवळात जाताना पांघरायच्या पांढऱ्या चादरी आण! समद्यांच्या आण!"

गावातल्या बायका माझ्या उरलेल्या अंगावर चढल्या. खांद्याला खांदा लावून त्यांनी माझ्या पडलेल्या तोंडाच्या जागी चादरी उंच धरल्या. वारा त्यांना ढकलत होता. होडी खडकांकडे चालली होती. फ्लोरिन मोठमोठ्याने देवाचा धावा करत होती. मग होडीचं नाक हळूहळू वळलं, क्रूसाच्या रेषेत आलं, आणि बायकांनी एकच गलका केला.

टोनी ओल्या कपड्यांनीच टेकडी चढून आला.

"फ्लोरिन, बाबा कुठं हाय?"

"आपल्या ओट्यात हाय," ती म्हणाली. "तूच बोललास ना, पाठ कुठं दिसते?"

तो माझ्या मागच्या बाजूला गेला. त्या पोकळीत त्याचा हात फिरलेला मला जाणवला. तो रडला असावा. मला दिसलं नाही.

मित्रांनो, तुमच्यासाठी जो कोणी उभा असेल त्याच्या तोंडाला नुसता चुना फासू नका. मला बघायला याल तेव्हा आधी मागे जा, आणि तिथला एकही दगड उचलू नका. मला वळून बघता येत नाही. तुम्ही बघा.