रिकामी दिसलेली खुर्ची

मला हातात घेणारा प्रत्येक जण आधी दचकतो, कारण मी दिसतो त्याहून जड आहे. मित्रांनो, मी मंगरूळपीरच्या एका फोटो स्टुडिओतला जुना, रोलवर चालणारा कॅमेरा आहे. अंग धातूचं, डोळा काचेचा. जे समोर असेल तेच मी घेतो. पदरचं काही घालत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वेगळं वाटेल.

अकोल्याच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरने आपलं दुकान बंद केलं, तेव्हा जानरावांनी मला त्याच्याकडून घेतलं. पोटासाठी आम्ही लग्नं काढली, शाळेचे वर्ग काढले. पण जानरावांचा जीव रमायचा इमारतींत आणि कचेऱ्यांत. कुठे साहेबांची बदली झाली की निरोपाच्या फोटोसाठी आम्हाला बोलावणं यायचं. साहेब मधोमध खुर्चीत, बाकीचे मागे उभे. तो फोटो झाला, माणसं चहाला गेली, की जानराव मला घेऊन मागे थांबत. उंच खिडक्या, दगडी कमानी, टेबलांच्या रांगा, त्यावर बांधून ठेवलेल्या फायली, हे सगळं ते माझ्या डोळ्यातून बघत बसत. "मानसं गेले का इमारत मोकळी बसते," असं ते म्हणायचे.

त्या काळात माझं फार कौतुक झालं. गावोगावच्या कचेऱ्यांच्या भिंतींवर मी काढलेले फोटो लागले. मग डिजिटल कॅमेरे आले. जानरावांचे हातही थरथरू लागले. स्टुडिओ त्यांच्या मुलीने, वैजयंतीने, हाती घेतला आणि मी कपाटात गेलो. तिथल्या ओलीने माझ्या काचेला कडेने बुरशी धरली. कित्येक पावसाळे मी त्या अंधारात काढले.

गेल्या हिवाळ्यात मला पुन्हा बाहेर काढलं. एका जुन्या सरकारी कचेरीचा मुक्काम नव्या इमारतीत हलणार होता. काळ्या दगडाची, सागवानी तुळयांची ती जुनी इमारत नंतर पाडायची होती. तिथल्या अधिकारी निकिता मॅडम यांना तिचे आणि तिथल्या रोजच्या कामाचे फोटो हवे होते. वैजयंती डिजिटल कॅमेरा घेऊन निघाली, तेव्हा जानराव म्हणाले, "यालेबी ने. उंच भिंतीवरचा उजेड याले बरोबर समजते."

वैजयंतीने माझी काच साफ करवून आणली, काळ्या-पांढऱ्या फोटोंचा रोल भरला, आणि भर दुपारी आम्ही तिथे पोचलो.

मोठ्या दालनात उजेड कमी होता. तिने मला स्टँडवर बसवलं. अशा ठिकाणी माझा पडदा, म्हणजे शटर, बराच वेळ उघडा ठेवावा लागतो, म्हणून तिने सगळ्यांना सांगितलं, "आपापलं काम करा, पन हलू नका." मागच्या कोपऱ्यात, खिडकीखाली, हेमसिंग नावाचे कारकून बसले होते. गप्प माणूस. डबाही त्या टेबलावर एकटाच खायचा. सगळ्यांत स्थिर तेच बसले होते, अगदी दगडासारखे.

माझा पडदा उघडला आणि मला ती खुर्ची रिकामी दिसली.

पडदा मिटला. वैजयंतीने डिजिटलवर तोच फोटो घेतला. त्यात हेमसिंग होते. तिने मला पुन्हा उघडलं. खुर्ची पुन्हा रिकामी. मी जे पाहिलं ते फिल्मवर उतरवलं. याहून वेगळं मी काय करू शकतो?

घरी तिने रोल धुतला. डार्करूमच्या लाल उजेडात कागद पाण्यात हलत होता आणि दालन हळूहळू वर येत होतं. लखीराम शिपाई आला, निकिता मॅडम आल्या, पंख्याची पातीसुद्धा आली. कोपऱ्यात नुसती खुर्ची आली. तिच्या पाठीवर हेमसिंगचा स्वेटर, टेबलावर चहाचा कप.

"हलला असंन तो," जानराव म्हणाले. "जास्त वेळ उघडा ठेवला का हलनारा मानूस पुसल्या जाते."

"नाही बाबा. मी त्यायच्याकडेच पाहून राह्यली होती. पापनी नाही हलली."

जानरावांनी कागद डोळ्याजवळ धरला. मग तो पुन्हा पाण्यात सोडला.

दुसऱ्या दिवशी वैजयंतीने माझ्यात नवा रोल भरला आणि मला व ते फोटो घेऊन ती कचेरीत गेली. सगळे टेबलाभोवती जमले. लखीरामच बोलला, "हेमसिंगभाऊ, तुमी त रजेवर दिसून राह्यले."

कुणी हसलं नाही. हेमसिंगनी फोटो पाहिला, मग आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "मी त जाग्यावरच होतो," ते म्हणाले. आणि आपल्या कोपऱ्याकडे जायला वळले.

वैजयंतीने त्यांचं मनगट धरलं. "भाऊ, इकडं दारापाशी उभे राहा. उजेड चांगला हाय. तुमचा एकल्याचा काढते."

"कायले? काम पडलं हाय माह्यं."

"पाच मिनिटं. माह्यासाठी."

काय होणार हे तिला ठाऊक नव्हतं. तो रिकामा कोपरा तिला रात्रभर दिसत राहिला होता, एवढंच. निकिता मॅडमही म्हणाल्या, "जा हो हेमसिंग." तेव्हा कुठे ते दाराशी येऊन उभे राहिले. या वेळी मला ते स्वच्छ दिसले. शर्टाचं वेगळ्या दोऱ्याने शिवलेलं बटण, हनुवटीवरचे पांढरे खुंट, सगळं.

मग तिने मला त्या कोपऱ्याकडे वळवलं. हेमसिंग तिच्या शेजारी उभे होते. बाकीची माणसंही दाराशीच होती. कोपऱ्यात कुणी नव्हतं.

माझा पडदा उघडला. खुर्चीवर माणूस बसलेला होता.

तो फाईलवर वाकलेला होता. त्याने सावकाश मान वर केली आणि छताकडे पाहिलं. माझा पडदा मिटला, आणि लाकूड पिळल्यासारखा आवाज झाला.

कोपऱ्यावरची तुळई खाली आली. तिच्यामागून छताची माती आणि कौलं आली. धुरळा बसायला बराच वेळ लागला. टेबलाचे दोन तुकडे झाले होते. खुर्ची तर ढिगाऱ्यात दिसतही नव्हती. लखीराम व्हरांड्याच्या पायरीवर खाली बसला. निकिता मॅडम एकेकाचं नाव घेऊन हाक मारत राहिल्या, आणि जो तो ओ देत राहिला. "हेमसिंग," त्या म्हणाल्या. उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. दाराशी, फोटोसाठी उभे केले होते तसेच ताठ उभे असलेले हेमसिंग फार बारीक आवाजात म्हणाले, "हाओ मॅडम, आहो मी इथं."

त्या नव्या रोलचा शेवटचा फोटो धुतला, तेव्हा जानराव म्हणाले, "जाळून टाक हे."

"त्यायचा फोटो हाय बाबा," वैजयंती म्हणाली. "त्यायलेच विचारू."

हेमसिंग स्टुडिओत आले. फोटोत ते स्वतःच खुर्चीवर बसलेले होते, मान वर, डोळे छताकडे. मग परक्या माणसाबद्दल बोलावं तसे म्हणाले, "लय थकेल दिसते बिचारा. कोनी याले उठ म्हनलं नाही." फोटो खिशात घालून ते गेले. त्याचं त्यांनी काय केलं, मला माहीत नाही.

मित्रांनो, त्या कोपऱ्यात वर्षभर छताची माती गळत होती. सगळ्यांनी ती पाहिली होती. फायलींवर कागद पांघरून सगळे म्हणत, आता इथून जायचंच आहे. तिथे बसणाऱ्या माणसाकडेही ते तसंच पाहत असत. मलाही कपाटात तसंच ठेवलं होतं. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. जे लवकरच सोडायचं आहे, जे गप्प राहतं, त्याच्याकडे जास्त बारकाईने बघा. घर असो, वस्तू असो, माणूस असो. मी जुनी काच आहे, प्रत्येक वेळी मला वेळेवर दिसेलच असं नाही.

आता कचेरी नव्या इमारतीत गेली आहे. लखीराम आपला डबा हेमसिंगच्या टेबलावर उघडतो. हेमसिंग बाजाराच्या दिवशी स्टुडिओवरून जातात, तेव्हा आत डोकावतात. फोटो काढू देत नाहीत. मला डोळ्याला लावून नुसतं बघायला ते वैजयंतीला सांगतात.

"दिसतो का?"

"दिसता, भाऊ."

"एकलाच?"

वैजयंती मला सावकाश त्यांच्या उजवीकडे नेते, मग डावीकडे, मग त्यांच्या मागच्या रिकाम्या बाकावर जरा वेळ थांबवते. मीही नीट बघून घेतो.

"एकलेच," ती म्हणते.