रकान्यातला 'इतर'

एका अवयवाचं नाव आपल्या घरी कोणी उच्चारत नाही. 'तिकडे काहीतरी झालंय' म्हणून आपण मोकळे होतो. इस्पितळाच्या खिडकीतले कारकून आपल्यातलेच. ऑपरेशनात काढलेला तुकडा प्रयोगशाळेत पाठवायच्या अर्जावर 'कोणत्या अवयवाचा तुकडा' असा रकाना होता, त्यात या अवयवासाठी ते वळणदार अक्षरात 'इतर' लिहीत.

त्या सकाळी प्रयोगशाळेतली संशोधक तणतणत खिडकीशी आली. "काका, काल परत 'इतर'! तुकडा भलत्याच विभागात गेला, दुपारपर्यंत पडून राहिला, मेला. मला तो जिवंत लागतो!"

"अगं, रांगेत बायामाणसं असतात," कारकून पुटपुटले. "काय काय लिहायचं?"

रांगेत पुढेच एक निवृत्त शिक्षिका उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं ऑपरेशन होतं. "तुकड्याचं करतेस काय गं?" त्यांनी विचारलं.

"त्यातल्या पेशी जेलीसारख्या पदार्थात वाढवते, बाई. सपाट काचेवर त्या शरीरातल्यासारख्या वागत नाहीत. जेलीत चहूबाजूंनी आधार मिळाला की गोळा होऊन वाढतात. चिमुकली गाठच म्हणा! औषध आधी तिच्यावर वापरून बघायचं."

"म्हणजे माझी गाठ कुणाच्या तरी कामी येईल?"

"काकांनी नीट लिहिलं तर."

बाई खिडकीकडे वळल्या. "लिहा. स्तन!"

सगळी रांग चपापली.

"गुडघा लिहिताना लाजता का? मीही सात महिने लाजले. डॉक्टरांना 'खांदा दुखतो' सांगितलं आणि मलम चोळत बसले! हा रोग माझ्या लाजेवर पोसलाय. आता त्याला एक दिवसही मिळणार नाही. लिहा ठळक अक्षरात!"

कारकुनांनी लिहिलं. पण पेन तिथेच थांबलं. गेले दोन महिने त्यांच्याही घरात मलमाचा वास येत होता.

रांगेला तसंच ठेवून त्यांनी बायकोला फोन लावला. "ऐक, तुझा खांदाच दुखतोय ना? खरं सांग." पलीकडे ती रडू लागली. "खांदा नाही... गाठ आहे," ती म्हणाली.

"आत्ताच्या आत्ता ये इथं," ते म्हणाले.

"खिडकीवर काय सांगू? लोक असतील."

"असू देत!" कारकून ओरडले. रांगेतली शेवटची बाईही ऐकत होती. "स्तनात गाठ आहे, असं सांग! खिडकीवर मीच आहे!"

वाचकहो, शरीराच्या अवयवाचं नाव घेण्यात कसली आली आहे लाज? घरात कुणी काही लपवत असेल तर आज विचारा, आणि नाव घेऊन विचारा.