पंच मांडवात

दूध संघाच्या हिशेबाच्या तिन्ही मशिनी तीन गावांत ठेवायच्या, हा त्या बसवणाऱ्या सुकन्याचा हट्ट. थोरली माजलगावच्या कार्यालयात, धाकटी घाटनांदूरच्या केंद्रात आणि पाटीएवढा एक डबा तलवाड्याला. गावोगावच्या केंद्रांवर दूध आलं की त्याचं माप आणि फॅट थोरलीकडं जायचं. थोरलीनं लिहून घेतलं, धाकटीनंही लिहून घेतलं, की मगच तिकडं पावती निघायची.

थोरली बंद पडली तर धाकटीनं कारभार हाती घ्यायचा. पण थोरली खरंच बंद पडलीय की मधली तार तुटलीय, हे ठरवायचं काम तलवाड्याच्या डब्याचं. संघात त्याला सगळे पंच म्हणत. तिघांपैकी दोघांचं जमलं तरच कारभार चालायचा. एकटी पडलेली मशीन कितीही धडधाकट असो, तिनं गप्प बसायचं. नाहीतर दोन्ही जावा एकदमच चुलीपुढं बसतात आणि आमटीत मीठ दोनदा पडतं.

संघाचे चेअरमन विजयसिंहदादा. माणूस वाईट नव्हता, पण आपल्या पैशाची वस्तू चार लोकांना दिसली पाहिजे, ही त्यांची हौस. त्यांनी सुकन्याला दिवाळीपर्यंतच्या करारावर घेतलं होतं आणि तोंडावर सांगितलं होतं की, एकदा जरी संकलन थांबलं तरी आपण पुन्हा हातानं लिहायला लागू आणि तुमी मोकळ्या. पुण्याची नोकरी सोडून ती माजलगावला आली होती. परत तिथल्या त्या एका खोलीत जाऊन राहायचं तिच्या जिवावर आलं होतं.

खंडेनवमीला दादांनी कार्यालयापुढं मांडव घातला. संघाची सगळी अवजारं एका ओळीत पुजायची: दुधाचे कॅन, काटे, टँकर, आणि मधोमध तिन्ही मशिनी. सुकन्यानं ऐकलं आणि तिचं डोकंच फिरलं. तिन्ही एका जागी आणल्या तर तीन घेतल्याच कशाला, असं ती दादांना म्हणाली. दादांनी समजूत काढली की तासाभराचा तर प्रश्न आहे, देवाच्या कामात मोडता घालू नका. बऱ्याच वादावादीनंतर घाटनांदूरची धाकटी तेवढी सुटली, तीही रस्ता लांबचा म्हणून. तलवाड्याच्या केंद्रावरचा बंकट मात्र केंद्र बायकोवर सोपवून, पंचाला टॉवेलात गुंडाळून, मोटरसायकलवर मांडीत घेऊन हजर झाला. त्याच्या चेहऱ्यावर वरातीत आल्याचा आनंद होता, त्यामुळं सुकन्याला त्याच्यावर धड रागावताही येईना.

सकाळचं संकलन संपल्यावर थोरली आणि पंच मांडवात मांडले, लांब तारा ओढून चालू केले. दोघांना झेंडूचे हार घातले. गर्दी जमता जमता दुपार कलली आणि पूजा नेमकी संध्याकाळच्या संकलनाच्या वेळेला सुरू झाली. भटजींनी माईक हातात घेतला, हॅलोजन लागले, कर्णे खरखरले आणि सगळी लाईट गेली.

कार्यालयात इन्व्हर्टर होता, पण तो सकाळपासून माईकच्या चाचणीला जुंपलेला, कधीच निजला होता. थोरली गेली, पंच गेला. घाटनांदूरची धाकटी एकटी उरली आणि शिकवल्याप्रमाणं गप्प बसली. गावोगाव पावत्या थांबल्या.

घाटनांदूरहून संगीताचा फोन आला. ते केंद्र तीच सांभाळायची. तिच्या दारात बायांची रांग लागली होती.

"ताई, माझी मशीन चालू हाय, पण दूध घेत न्हाई. कावून रुसली ही?"

धाकटीला एकटीनं कारभार घ्यायला लावणं सुकन्याच्या हातात होतं. एक हुकूम दिला की झालं. पण तेवढ्यात इकडं लाईट आली तर थोरली आणि पंच जागे होणार, दोघांचं मत आपल्याकडं आहे असं बघून थोरलीही दूध घ्यायला लागणार. मग कुणाचं दूध दोनदा, कुणाचं एकदाही नाही, आणि ते निस्तरता निस्तरता दिवाळी उलटली असती. लाईट कधी येईल म्हणून तिनं विचारलं, तर खांबावर चढलेला लखन वायरमन पाचच मिनिटं म्हणाला. त्याची पाच मिनिटं साऱ्या माजलगावाला माहीत होती.

म्हणजे धाकटीला हुकूम देण्याआधी इथल्या दोघांना पक्कं बंद करायला हवं होतं.

भटजींनी बिनमाईकची आरती सुरू केली होती. दादा तबक घेऊन थोरलीला ओवाळत होते. सुकन्या त्यांच्या कोपराखालून वाकली आणि थोरलीची पिन उपसली. मग पंचाची. मागची इंटरनेटची तारही काढून घेतली. झेंडूच्या पाकळ्या तिच्या केसांत पडल्या. आरती अर्ध्यावर थांबली. ती तशीच मांडवात बसून लॅपटॉप मांडीवर घेऊन मोबाईलच्या नेटवर घाटनांदूरला हुकूम देऊ लागली.

संगीतानं पहिली पावती निघाल्याचं कळवलं. मग तलवाड्याची निघाली, मग बाकीच्यांची. त्याच सुमारास लाईट आली. मांडव लख्ख झाला, थोरली मात्र काळीठिक्कर.

"ऐन पूजेत यंत्र बंद केलंत?" दादांचा आवाज चढला. "कुणाला विचारून?"

खरं कारण सांगायला बसलं असतं तर रात्र झाली असती, आणि दादांना ते पटलंही नसतं. सुकन्यानं सगळ्यांकडं बघितलं.

"दादा, आज खंडेनवमी. पुजलेल्या अवजाराला कुणी कामाला जुंपतं का?"

मागं बसलेल्या दादांच्या आई केसरबाई म्हणाल्या, "पोरगी खरं बोलती. आज औतालाबी कुणी हात लावत न्हाई. तूच पुजतूस आन् तूच राबवतूस व्हय रे?"

माणसं हसली. दादांनी तबक भटजींकडं दिलं आणि हलक्या आवाजात विचारलं की, संकलन थांबलंय का. सुकन्यानं सांगितलं की थोडा खोळंबा झाला, आता सगळीकडं चालू आहे. त्यांनी स्वतः संगीताला फोन लावून खात्री केली. मग थोरलीच्या गळ्यातला घसरलेला हार सारखा केला.

"पुढल्या वर्षी," ते म्हणाले, "मांडव कुठं घालायचा अन् काय मांडायचं, ते तुमी सांगा."

सुकन्या हो म्हणाली. मग त्यातलं 'पुढल्या वर्षी' तिच्या ध्यानात आलं, करार तर दिवाळीपर्यंतचाच होता, आणि लॅपटॉप मिटायच्या निमित्तानं तिनं मान खाली घातली.