दादाची दाढी

ढोल्याचं वजन उतरलं, पण नाव काही उतरलं नाही. वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, जठर मुठीएवढं उरलं, दीड वर्षात माणूस निम्मा झाला, तरी सगळी गल्ली त्याला ढोल्याच म्हणायची. त्याला त्याचं काही वाटत नसे. पूर्वी दाढी करताना त्याचं पोट गिऱ्हाइकाच्या खांद्याला टेकायचं. आता तो आपल्याच सलूनमध्ये दोन खुर्च्यांच्या मधून सरळ चालत जायचा, आणि तेवढ्यासाठी वाटेल ते ऐकून घ्यायची त्याची तयारी होती.

ऑपरेशनला विरोध एकट्या दादाचा. दादा म्हणजे थोरला भाऊ, कुलपं-किल्ल्यांच्या दुकानाचा मालक आणि तोंडाचा भलता फटकळ. "तोंडाला कुलूप लावायचं सोडून पोटाला लावतोयस," असं तो दवाखान्याच्या दारातसुद्धा म्हणाला होता. तरी दर रविवारी दाढीला यायचा तो ढोल्याकडेच. ढोल्या वस्तरा धरायला शिकला तो दादाच्याच गालावर. त्या शिक्षणाची खूण म्हणून मुगाएवढा व्रण दादाच्या जबड्याखाली अजून होता, आणि भेटेल त्याला हनुवटी वर करून तो दाखवायची दादाला मोठी हौस.

गेले काही महिने मात्र ढोल्याचं बिनसलं होतं. घरचा जिना चढताना धाप लागे. चेहरा पांढराफटक पडला. केस गळायला लागले, तशी गिऱ्हाइकं म्हणत, "आधी स्वतःचं डोकं सांभाळ, मग आमचं बघ." शिवाय बर्फाचं वेड लागलं. दुकानातल्या छोट्या फ्रिजमधून खडे काढायचे आणि कडाकडा चावायचे. बायको म्हणे, "अहो, दात पडतील." तो म्हणे, "उकडतंय." थंडी पडली तरी त्याचं उकडणं काही थांबेना.

मग बोटांना मुंग्या आल्या, आणि हळूहळू बोटं बधिरच झाली. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. दादाला कळलं असतं तर त्याने जन्मभर ऐकवलं असतं. पण खरी भीती वेगळी होती. वस्तऱ्याशिवाय दुसरं काही त्याला येत नव्हतं. वस्तरा उजव्या हातात असला तरी दाढी करतो डावा हात. कातडी ताणणाऱ्या अंगठ्याला जे कळतं, त्यावर पातं चालतं. तो अंगठाच आता मुका झाला होता.

एका रविवारी तो दादाच्या कानाखाली वस्तरा फिरवत होता. फेस लाल झाला तरी त्याचा हात चालूच होता. दादाने ते आरशात पाहिलं.

"थांब," दादा म्हणाला.

ढोल्याने खाली पाहिलं. अंगठा रक्ताने माखला होता आणि त्याला साधं ओलंही लागलं नव्हतं.

"कळलं नाही तुला?"

"बोटांना काही कळतच नाही, दादा. बरेच दिवस झाले."

आता 'सांगत होतो ना' येणार म्हणून ढोल्याने मान खाली घातली. दादाने टॉवेल कानाखाली दाबून धरला. "दुकान बंद कर आणि बायकोला बोलाव. दवाखान्यात जायचंय."

रक्त तपासलं. अंगात लोह जवळजवळ उरलंच नव्हतं आणि बी-बारा जीवनसत्त्वानेही तळ गाठला होता. "गोळ्या घेत नव्हता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एक दिवस चुकू दिला नाही मी," बायको ताठ मानेने म्हणाली. "रोज सकाळी सगळ्या गोळ्या वाटीत काढते आणि चहाबरोबर देते."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. चहा लोह अंगी लागू देत नाही, कॅल्शियमची गोळी सोबत असली की तीही आडवी येते, आणि या ऑपरेशननंतर शरीर मुळात कमीच शोषून घेतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. बर्फाचं वेडही लोह घटल्यामुळेच होतं. बायकोचा चेहरा पडला.

"आणि बी-बाराची इंजेक्शनं?"

आता चेहरा ढोल्याचा पडला. पहिली काही त्याने घेतली होती. मग बरं वाटायला लागलं आणि गरज सरो, वैद्य मरो.

"बोटं परत येतील का?" त्याने विचारलं.

"बहुतेक येतील. पण महिने लागतील, आणि पूर्ण येतीलच असं वचन मी देत नाही."

परत येताना बायकोला रडू आवरेना. "मीच माझ्या हाताने..."

"चहा तू दिलास, इंजेक्शनं मी बुडवली. फिट्टंफाट," ढोल्या म्हणाला. दादा कानाखाली पट्टी लावून मागून चालत होता. कुलपाचा विनोद त्याने केला नाही, आणि त्यामुळेच ढोल्या जास्त घाबरला.

दुकानात दाढी बंद झाली. मशीनने केस कापता येत होते तेवढेच. दाढीवाली गिऱ्हाइकं समोरच्या सलूनमध्ये गेली. दादा मात्र गेला नाही. त्याची दाढी वाढली, मग पसरली. "घरात अस्वल पाळलंय," वहिनी म्हणायची.

"समोर जा ना, दादा," ढोल्याने सांगून पाहिलं.

"माझ्या गळ्यावर परका हात नको. आणि थंडीची ऊब लागते."

थंडी संपली. दादा ऊब लागते म्हणतच राहिला.

इंजेक्शनं चालू होती. लोहाची गोळी आता लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियमची दुपारी, आणि चहा दोन्हींपासून लांब. बर्फाचं वेड सुटलं, जिना सोपा झाला, पण बोटं गप्पच. रोज संध्याकाळी बायको त्याला डोळे मिटायला लावी आणि अंगठ्याखाली काहीतरी ठेवी. टाचणीला तो दोरा म्हणे, दोऱ्याला काहीच नाही म्हणे. ती हसत नसे. दुसरं काही ठेवी.

एका संध्याकाळी तो बराच वेळ बोट फिरवत राहिला.

"केस आहे," तो म्हणाला. "लांब आहे. तुझा."

पुढच्या रविवारी दादा खुर्चीत बसला. ढोल्याने आधी कात्रीने रान कमी केलं, मग गरम टॉवेल लावला, फेस चढवला. वस्तरा उघडला. दादाने हनुवटी वर केली. ढोल्याचा डावा अंगठा फेसाखालून जबड्याच्या खालच्या कडेने सरकत गेला आणि एका जागी थांबला.

"काय झालं?" दादाने हनुवटी न हलवता विचारलं.

"सापडला," ढोल्या म्हणाला.

काय सापडलं, ते दादाने विचारलं नाही. त्याने डोळे मिटून घेतले आणि मान आणखी मागे टाकली.