मागून दोन घंट्या

अंगणात अकरा सायकली होत्या. नऊ पाहुण्यांच्या, एक बाबांची आणि एक आईची. हेल्मेटंही अकरा, पंक्चरची पेटी एक. आई गेल्यानंतरची ही पहिली फेरी होती आणि तिच्या सायकलवर मला बसायचं होतं.

"बाबा, सीट जरा वर घेऊ? गुडघे हँडलला लागताहेत."

"राहू दे," पाहुण्यांचे ब्रेक तपासत बाबा म्हणाले. "एका सकाळचा तर प्रश्न आहे."

पाना त्यांच्याच खिशात होता. मी मागितला नाही.

शहरातल्या वस्त्या सायकलवरून फिरून दाखवायचं काम आई-बाबा मिळून करायचे. बाबा पुढे, आई सगळ्यांत मागे. प्रत्येक वळणानंतर बाबा थांबत आणि मागून दोनदा घंटी वाजेपर्यंत हलत नसत. दोन घंट्या म्हणजे सगळे वळले, कुणी राहिलं नाही.

छापखान्यांची गल्ली झाली, कालव्याकाठची घरं झाली. प्रत्येक वळणावर मी घंटी वाजवली आणि बाबा मागे न बघता निघाले. घंटी तीच होती, आवाजही तोच.

माझ्या पुढे एक जाडजूड निवृत्त गृहस्थ धापा टाकत होते. "काय ताई, शेवटचा नंबर माझाच ना?"

"नाही, माझा. तुम्ही कितीही हळू चालवा, शेवटचे येणार नाही."

"अहो, मी शाळेत होतो तेव्हा कुठं होता तुम्ही! अब्रू वाचली असती माझी."

रंगाऱ्यांच्या वस्तीचा चढ लागला. गुडघे पोटाला टेकू लागले, पायांत जोर येईना. मी उतरले आणि सायकल ढकलत निघाले. वर पोहोचले तेव्हा सगळे वळून थांबले होते. मी दोनदा घंटी वाजवली. या वेळी बाबांनी मागे पाहिलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे.

"तुमच्या आई पण आहेत का मागे?" गृहस्थांनी विचारलं.

"का?"

"बाबा म्हणाले ना, बायको चढावर उतरून चालते, येईल एवढ्यात. म्हणून तर थांबलोय सगळे."

"नाही," मी म्हटलं. "मागे कुणी नाही. मीच शेवटची."

बाबा हौदाकडे बोट दाखवून सांगू लागले की निळीच्या हौदातून कापड हिरवं निघतं आणि हवा लागली की निळं होतं. आवाज नेहमीचाच होता. पाहुणे "अरे वा" म्हणाले. मी डोकी मोजली. बरोबर होती.

पाहुणे गेल्यावर बाबा पाना घेऊन आईच्या सायकलपाशी उकिडवे बसले. नट गंजला होता. त्यांनी तेल सोडलं, थोडं थांबले, मग जोर लावला.

"बस. टाच पेडलवर ठेव. पाय सरळ झाला पाहिजे."

मी बसले. "अजून थोडी वर."

"बुटकी होती तुझी आई."

"हे तिच्यासमोर म्हणाला असतात तर?"

"पाना फेकून मारला असता तिनं."

त्यांनी नट आवळला, एकदा सीट हलवून पाहिली आणि हात धुवायला आत गेले.

मी मोजायची टेप आणली. सीटच्या दांडीवर गंज जिथं संपत होता, तिथून खाली, इतकी वर्षं नळीच्या आत राहिलेला चकचकीत पट्टा उघडा पडला होता. सात सेंटिमीटर.