शुक्रवारचा कोंबडा

बालाघाटच्या रेल्वे क्वार्टरांत यमिमाबाई झिराडकरचं नाव चिक्कू म्हणून गाजलेलं होतं, आणि ते नाव तिनं कष्टानं कमावलेलं होतं. बाजारात ती दिसली की भाजीवाल्या बाया एकमेकींकडे बघून हसत आणि आपणहून भाव उतरवत, कारण हुज्जत घालून शेवटी व्हायचं तेच व्हायचं. सात पोरं आणि नवरा-बायको अशी नऊ तोंडं, आणि वर दानियेलबाबूचा मालगुदामातल्या कारकुनाचा पगार. एवढंच असतं तर तिनं चारचौघींसारखी ओढाताण करून भागवलं असतं. पण हे घर यहुदी, मूळचं कोकणातलं, बेने इस्राएल. साऱ्या बालाघाटात त्यांच्या धर्माचं दुसरं घर नव्हतं, आणि त्यांच्या धर्माला स्वस्ताईचं वावडं आहे असं यमिमाबाईचं स्पष्ट मत होतं.

वैनगंगेतला मांगूर मातीमोल मिळे, पण त्याला खवले नाहीत म्हणून तो बाद. खवल्यांचा रोहू चाले, आणि हे रोहूला कुणीतरी सांगितल्यासारखा त्याचा भाव. खाटकाकडचं मटण बाद, कारण ते आपल्या रीतीनं कापलेलं नाही. रश्शात दूध, दही, तूप बाद. मांस आणि दूध एका भांड्यात तर सोडाच, एका चुलीवरही ती शिजवत नसे. कोकणात बरं होतं, नारळाचं दूध घातलं की झालं. इथं नारळ गोंदियाहून छोट्या गाडीतून यायचा आणि त्याची किंमत ऐकून तिला घाम फुटायचा. मग भुईमुगाचे दाणे वाटून ती वेळ मारून न्यायची आणि पोरं मुकाट्यानं ओरपायची.

राहता राहिली कोंबडी. ती घरीच कापायची आणि दानियेलनंच कापायची. त्याचे वडील कोकणातल्या आपल्या पंचक्रोशीत हेच काम करत. सुरी त्यांची आणि विद्याही त्यांचीच. नियम असा, की सुरीला केसाएवढी खाच नको आणि धार एकदा फिरली की मध्ये थांबायचं नाही. हात पळभर अडखळला तरी ती कोंबडी तरेफा, म्हणजे खायला बंद. मग ती दुसऱ्या कुणाला देऊन टाकायची. लग्न झाल्यापासून दानियेलचा हात अडखळलेला यमिमानं पाहिला नव्हता. शुक्रवारी दिवस मावळला की शब्बाथ लागायचा, त्यांचा विसाव्याचा वार, आणि त्या रात्रीच्या जेवणात कोंबडी असणं हा या घराचा एकुलता एक थाट होता.

गेल्या पावसाळ्यात दानियेलला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना उजव्या हातात कंप ठेवून गेला. लिहिताना चाले, चहा पिताना चाले, सुरी धरली की मात्र कोपर मध्येच आखडायचं. दिवाळीच्या सुमाराला पहिली कोंबडी गेली. दानियेलनं बायकोकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, "गेली. देऊन टाक." पुढे आणखी एक गेली. मग आणखी एक. प्रत्येक वेळी तो तसाच बघायचा, तशीच मान हलवायचा, आणि यमिमा दात ओठ खात ती कोंबडी शेजारच्या शेवंताबाईच्या दारात नेऊन द्यायची.

शेवंताबाईचे लोक वर्ध्याकडचे. पहिल्या कोंबडीला ती हरखली, दुसरीला बुचकळ्यात पडली, आणि तिसरीला तिनं सरळ विचारलं, "काहून वो बाई, कोंबडी बिमार-गिमार तं नाही नं? मले काहून देऊन राह्यली?"

"नाही गं, चांगली आहे. आमच्यात चालत नाही एवढंच."

"चांगली हाय अन् चालत नाही!" शेवंताबाईनं कोंबडी उचलून तोलून पाहिली. "तुमचा देव लय भला हाय वो. पैसे तुमचे अन् रस्सा आमचा."

ते वाक्य यमिमाला झोंबलं. ती तरातरा घरी आली आणि सुरी पुसत बसलेल्या नवऱ्यावर कडाडली, "आणखी एक गेली ना, तर पोरांना मिठाशी भात घालीन! शेजाऱ्यांची घरं पोसायला मी नाही बसले इथं!" दानियेल सुरी पुसत राहिला. पोरं ऐकत होती, थोरली लेआही ऐकत होती. यमिमाला जीभ चावावीशी वाटली, पण सुटलेला शब्द परत घ्यायची तिला सवय नव्हती.

त्यानंतर त्यांनी कोंबडी आणलीच नाही. आणि आता आवाबाई येणार होती.

आवाबाई म्हणजे दानियेलची थोरली बहीण, मुंबईची. लेआसाठी माझगावचं एक स्थळ तिच्या हातात होतं, आणि ते लोक रीतिरिवाजाला कडक. घर कसं आहे ते मी डोळ्यांनी बघते आणि मग तोंड उघडते, असा तिचा निरोप होता. तिची वरण-भातावर बोळवण करणं शक्यच नव्हतं. यमिमानं आठवडाभर घरातली साखर बंद केली, जुन्या बाटल्या विकल्या, आणि शेवंताबाईच्या नवऱ्याला, महागूला, किरनापूरच्या बाजारातून चांगला दांडगा कोंबडा आणायला सांगितला.

शुक्रवारी सकाळी दानियेलनं सुरीची धार नखावर फिरवून पाहिली आणि मागच्या अंगणात कोंबडा धरला. रक्तावर टाकायची राख सुपात घेऊन यमिमा दारात उभी होती. त्यानं ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हटली. सुरी फिरली, आणि थांबली. पळभरच. कोपर आखडलं, मनगट थरथरलं, मग सुरी पुढे गेली.

यमिमा त्याच्या मान हलवण्याची वाट बघत राहिली.

दानियेलनं तिच्याकडे पाहिलंच नाही. "झालं," तो कोंबड्याकडे बघत म्हणाला. "घे."

"अहो..."

"झालं म्हटलं ना." त्यानं सुरी पुसली, कोट चढवला आणि बहिणीला आणायला स्टेशनवर निघून गेला.

यमिमानं राख टाकली, पिसं काढली, मांस पाण्यात ठेवलं, मग रीतीप्रमाणे खडेमीठ लावून फळीवर निथळत ठेवलं. हात काम करत होते, पण मन काही ठिकाणावर नव्हतं. ती उठून दारात जायची, रस्त्याकडे बघायची, परत यायची. लेआनं विचारलं, "आई, क्या हुआ? बरं नाही का?" तर तिच्यावरच खेकसली. आपल्याला भास झाला असेल, उन्हानं डोळे दिपले असतील, असं तिनं स्वतःला दहादा बजावलं. मग वाटलं, नसेल भास. नसू दे. देव काय मुंबई सोडून बालाघाटच्या रेल्वे क्वार्टरात डोकावायला येणार आहे? असं मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

खरं सांगायचं तर तिला कोंबड्याचं काही पडलेलं नव्हतं. ती जळत होती ती नवऱ्यासाठी. मालगुदामात कुणी त्याच्या खिशात नोट सरकवली तर ती चारचौघांत परत करणारा हा माणूस. तीन कोंबड्या हातच्या गेल्या, घरात खायला नव्हतं, तरी 'गेली' म्हणताना त्याची जीभ अडखळली नाही. आज तो पहिल्यांदा खोटं बोलला, आणि तेही बापाची सुरी हातात धरून. हे त्याला कुणी शिकवलं? यमिमाच्या जिभेनं शिकवलं. चार पैसे वाचवायच्या नादात आपण घरातली सगळ्यात महाग गोष्ट घालवली, असं तिला लख्ख दिसलं आणि तिचे डोळे भरून आले. ते कांद्यावर ढकलायची सोय होती, तेवढंच बरं.

दुपारच्या गाडीनं आवाबाई आली. अंगानं भारी, आवाजानं त्याहून भारी. आल्या आल्या तिनं स्वयंपाकघराची पाहणी केली. मांसाची चूल इकडे, दुधाची शेगडी तिकडे, भांडी वेगळ्या फळ्यांवर. "बरं ठेवलंयस," ती म्हणाली, आणि आवाबाईच्या तोंडून एवढं म्हणजे पदकच. मग चुलीवरच्या पातेल्याचा वास घेऊन तिनं पदर सावरला. "गाडीत मी कशाला तोंड लावलं नाही. म्हटलं, दानूच्या हातचं आहे, पोटभर जेवेन. बाबांची सुरी त्याच्याकडे आहे तोवर या घराची चिंता नाही, असंच माझगावला सांगितलंय मी."

दानियेल दारात उभा होता. हे ऐकलं आणि तो वळून मागच्या अंगणात गेला. यमिमा हातातला डाव टाकून त्याच्यामागे गेली.

"अहो, तुम्हाला काही सांगायचंय का मला?"

"काय सांगायचं?" त्याचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. "मीठ नीट लागलंय ना मांसाला?"

"लागलंय."

"मग झालं तर." त्याचा चेहरा इतका थकलेला दिसला की ती मागे फिरली.

दिवस कलायला लागला. सूर्य बुडाला की चूल बंद, दिवा लागला की काम बंद. जे करायचं ते आत्ताच. ती आत येऊन पातेल्यासमोर उभी राहिली. रस्सा रटरटत होता. आज तिनं खराखुरा नारळ फोडला होता. आता थोड्या वेळानं दानियेल प्याला हातात घेऊन प्रार्थना म्हणेल, बहिणीच्या ताटात सगळ्यात चांगला तुकडा वाढेल, आणि मग जन्मभर ते त्याच्या घशात अडकून राहील. सगळ्यांसमोर सांगावं, की यांचा हात थांबला होता? मग बहिणीसमोर, पोरांसमोर त्याची मान कायमची खाली जाईल. गप्प बसावं? ते तर सकाळपासून करून पाहिलं होतं, आणि जमत नव्हतं.

पलीकडे शेगडीवर दुधाचं उभट भांडं, गंज, होतं. उद्याचं, धाकट्यांच्या वाट्याचं, शेरभर दूध. यमिमानं गंज उचलला, स्वयंपाकघर ओलांडलं, आणि सगळाच्या सगळा मांसाच्या पातेल्यात उपडा केला.

"अगं बाई!" ती ओरडली. "दूध सांडलं! पाय अडकला माझा!"

नवऱ्याच्या खोट्यावर तिनं आपलं खोटं ओतलं. आता त्या पातेल्याला घरातलं कुणी शिवणार नव्हतं, आणि का, ते विचारणारही नव्हतं.

आवाबाई धावत आली, पातेल्यात बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मग जी सुटली! "मांसाच्या चुलीपाशी दूध? आईनं हेच शिकवलं तुला? आंधळ्या बाईनंसुद्धा केलं नसतं! माझगावला काय सांगू मी, पोरीची आई अशी आहे म्हणून?" लेआ भिंतीशी उभी राहून रडायला लागली. धाकटी पोरं पातेल्याकडे बघून रडायला लागली. त्यांचं दुःख जास्त खरं होतं. यमिमा मान खाली घालून उभी राहिली. ज्या बाईच्या हातून मिठाचा खडा वाया जात नसे, तिनं नारळ, कोंबडा आणि दूध एका झटक्यात घालवलं होतं, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिचा श्वास जरा मोकळा चालला होता.

शेवंताबाई हाकेसरशी आली. पातेलं बघून म्हणाली, "आता तं दूधबी घालून देऊन राह्यल्या! अशानं मी लठ्ठ होईन वो." पण आवाबाईचं तोंड बघून ती पुढे बोलली नाही. पातेलं उचलून चालू पडली.

दिवा लागला. चटईवर ताटं मांडली होती, ताटांत वरण, भात आणि वांग्याची भाजी. आवाबाई अजून धुसफुसत होती. "तरी मी म्हणत होते, एवढ्या लांब जंगलात राहिलं की बाई ढिली पडते. दानू, तू तरी बायकोला काही बोलशील की नाही?"

दानियेलनं मनुकांच्या शरबताचा प्याला उचलला होता. प्रार्थना त्यानं म्हणायची, मग सगळ्यांनी जेवायचं. पण तो सुरूच करेना. प्याला त्याच्या हातात थरथरत होता, शरबत काठावरून मनगटावर आणि मनगटावरून बाहीत उतरत होतं. पोरं त्याच्याकडे बघत होती. त्यानं प्याला खाली ठेवला.

"आक्का, तिला बोलू नकोस," तो म्हणाला. "दूध पडलं नसतं तरी तो कोंबडा खाण्याजोगा नव्हता. सकाळी माझा हात मध्येच थांबला. मला कळलं होतं. मी सांगितलं नाही." त्यानं उजवा हात सगळ्यांना दिसेल असा गुडघ्यावर ठेवला. "हा हात आता कापायचा राहिला नाही. बाबांची सुरी तू परत घेऊन जा."

आवाबाईचं तोंड उघडंच राहिलं. लेआनं डोळे पुसून बापाकडे पाहिलं.

यमिमानं सकाळपासून आवळून धरलेलं सगळं त्या क्षणी सुटलं. तिला हसू आलं, रडू आलं, आणि दोन्हींच्या आधी संताप आला.

"हे तासभर आधी बोलला असतात," ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "तर माझं शेरभर दूध तरी वाचलं असतं!"